२०० मुलाखती कुठे घ्यायच्या? सर्व्हेतलं सॅम्पल वाटप आणि ते ठरवणारं सॉफ्टवेअर

समजा, माण तालुक्यातल्या दहा हजार शेतकरी कुटुंबांचं वर्षाचं सरासरी उत्पन्न तुम्हाला काढायचंय. सगळ्यांकडे जाणं शक्य नाही. पैसे आणि माणसं आहेत फक्त २०० मुलाखतींपुरती. आता प्रश्न असा की या २०० मुलाखती कुठे घ्यायच्या?

बहुतेक जण दोनपैकी एक उत्तर देतात. एक, "सगळीकडे सारख्या घ्या." दोन, "जिथे लोक जास्त, तिथे जास्त घ्या." दोन्ही उत्तरं ऐकायला न्याय्य वाटतात. पण दोन्ही बऱ्याचदा पैशाचा पुरेपूर उपयोग करत नाहीत. दुष्काळी भागात काम करणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका गटाने मला नेमकं हेच विचारलं होतं, आणि त्यांना जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहितोय. गणित बारावीपर्यंतचं असलं तरी पुरे. हिशेब मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्येही होतो.

आधी शब्द समजून घेऊ

सर्व्हेत ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायचंय त्या सगळ्यांना मिळून "समष्टी" म्हणतात. त्यातून निवडलेले थोडे लोक म्हणजे "नमुना", आपल्या रोजच्या भाषेत सॅम्पल. समष्टीचे आधी एकसारखे गट पाडायचे आणि मग प्रत्येक गटातून वेगळी चिठ्ठी काढायची, या पद्धतीला "स्तरित नमुना सर्वेक्षण" म्हणतात. यातला प्रत्येक गट म्हणजे एक "स्तर". एकूण सॅम्पलपैकी कुठल्या स्तराला किती द्यायचं, हे ठरवणं म्हणजे "सॅम्पल वाटप".

गट पाडायचे कशाला? साताऱ्याचंच उदाहरण घ्या. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. जिल्ह्याच्या सरसकट याद्या एकत्र करून चिठ्ठ्या काढल्या, तर एखाद्या वेळी माणमधलं एकही गाव येणार नाही, आणि पाऊसवाल्या भागातली गावं भरमसाट येतील. आधीच गट पाडले की ही नशिबाची भानगड संपते.

तालुक्याच्या आतही तेच. माणगंगा कुळकजाईजवळ उगम पावते आणि पुढे सांगलीतल्या आटपाडीकडे जाते. पण नदी तालुक्यातून वाहते म्हणून सगळ्या शिवाराला पाणी आहे असं नाही. उरमोडीचं पाणी जिथवर आलं तिथे ऊस दिसतो. विहीर आणि ठिबकवर डाळिंब, कांदा दिसतो. बाकी माळावर बाजरी, ज्वारी आणि शेळ्या-मेंढ्या. या तिघांचं उत्पन्न एका पिशवीत घालून ढवळलं, तर हाती येणारा आकडा कुणाचाच नसतो.

तीन पद्धती, एकच उदाहरण

आता हिशेब करू. खालचे आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेत, ते प्रत्यक्ष सर्व्हेतले नाहीत.

- बागायत: १,००० कुटुंबं, सरासरी उत्पन्न ४ लाख, फरक २ लाख
- विहीर-ठिबक: ३,००० कुटुंबं, सरासरी दीड लाख, फरक ६० हजार
- कोरडवाहू: ६,००० कुटुंबं, सरासरी ६० हजार, फरक २० हजार

इथे "फरक" म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, पाठ्यपुस्तकातलं "प्रमाण विचलन". एका गटातली कुटुंबं एकमेकांपासून किती दूर पसरलेली आहेत, याचं हे माप. कोरडवाहू गटात बहुतेकांचं उत्पन्न जवळजवळ असतं, म्हणून फरक कमी. बागायतीत एकाचे दोन एकर, दुसऱ्याचे वीस, म्हणून फरक जास्त.

पहिली पद्धत, समान वाटप. तिन्ही गटांना ६७, ६७ आणि ६६.

दुसरी, प्रमाणशीर वाटप. कुटुंबांच्या संख्येप्रमाणे २०, ६० आणि १२०.

तिसरी, नेमन वाटप. इथे प्रत्येक गटाची संख्या आणि त्याचा फरक यांचा गुणाकार करायचा आणि त्या गुणाकाराच्या प्रमाणात सॅम्पल वाटायचं. हजार रुपयांत धरलं तर गुणाकार येतात २ लाख, १ लाख ८० हजार आणि १ लाख २० हजार. बेरीज ५ लाख. म्हणजे २०० पैकी वाटे पडतात ८०, ७२ आणि ४८.

आता तालुक्याच्या सरासरीत किती चूक येऊ शकते ते बघा. असाच सर्व्हे शंभर वेळा केला, तर साधारण ९५ वेळा उत्तर खऱ्या सरासरीच्या इतक्या जवळ येईल:

- प्रमाणशीर: दोन्ही बाजूंना १०.१ हजार रुपये
- समान: ७.१ हजार
- नेमन: ६.९ हजार

मुलाखती तिन्ही वेळा २०० च. पण प्रमाणशीर वाटपाने नेमनइतकी अचूकता हवी असेल तर २०० ऐवजी ४२६ मुलाखती घ्याव्या लागतील. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त पायपीट, फक्त वाटप नीट न केल्यामुळे.

यामागचं कारण साधं आहे. भाताचं शीत चाचपून बघायला एक शीत पुरतं, कारण सगळी शितं सारखी शिजलेली असतात. पण मिसळभाजीत काय काय आहे हे एका चमच्यात कळत नाही. जिथे सगळे सारखे तिथे थोड्यांना विचारून भागतं. जिथे प्रत्येक जण वेगळा तिथे जास्त जणांना विचारावं लागतं.

या उदाहरणात समान वाटप नेमनच्या इतकं जवळ आलं, हा मात्र योगायोग. तिन्ही गटांचे गुणाकार फार लांब नव्हते म्हणून. दुसऱ्या तालुक्यात हे असंच होईल असं धरून चालू नका.

हे सूत्र आलं कुठून? एक धागा खटावचा

पोलिश गणितज्ञ येर्झी नेमन यांनी १९३४ साली नमुना पद्धतीवर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्यात हे वाटप सूत्र होतं, म्हणून त्यांचं नाव लागलं. रशियन संख्याशास्त्रज्ञ अलेक्झांडर चुप्रोव यांनी तेच सूत्र १९२३ मध्ये मांडलं होतं, पण ते फारसं कुणाच्या नजरेत आलं नव्हतं.

आता गंमत बघा. सूत्र म्हणतं, प्रत्येक गटातला फरक माहीत असला पाहिजे. पण फरक माहीत असता तर सर्व्हे कशाला केला असता? म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी? या अडचणीला ज्यांनी लगेच हात घातला ते होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११ चा, माणला लागून असलेल्या खटाव तालुक्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. त्याच काळात नेमनही तिथे शिकवायला आले. १९३५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, सुखात्म्यांनी याच प्रश्नावर निबंध लिहिला: आधी छोटा चाचणी नमुना घेऊन त्यावरून फरकाचा अंदाज बांधला आणि त्या अंदाजावर वाटप केलं, तर चालेल का? उत्तर असं निघालं की बहुतेक वेळा चालतं. अंदाज कच्चा असला तरी ते वाटप सहसा प्रमाणशीर वाटपापेक्षा सरस ठरतं.

आपल्याच उदाहरणात तपासून बघू. समजा चाचणीत फरक चुकीचे आले. बागायतीचा २ लाखांऐवजी दीड लाख, विहीर-ठिबकचा ६० ऐवजी ८० हजार, कोरडवाहूचा २० ऐवजी २५ हजार. म्हणजे २५ ते ३३ टक्क्यांची चूक. या चुकीच्या आकड्यांवर वाटप केलं तर येतं ५६, ८९ आणि ५५. चूकमर्यादा किती? ७.२ हजार. अचूक माहितीवरच्या वाटपात ती ६.९ होती. म्हणजे अंदाज एवढा हुकूनही नुकसान नगण्य.

ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सगळ्यात उपयोगी वाटते. परिपूर्ण माहितीची वाट बघत बसायची गरज नाही. बरा अंदाज पुरतो.

सुखात्मे १९४० पासून दिल्लीत भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाचं काम बघू लागले. त्याआधी पिकाचा अंदाज बहुतांशी नजरेने व्हायचा. आणेवारी हा शब्द घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, लगेच कळेल. त्याऐवजी चिठ्ठी टाकून गाव निवडायचं, गावातलं शेत निवडायचं, शेतातला तुकडा निवडायचा आणि तेवढंच पीक कापून वजन करायचं, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत देशभर रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यात तालुके हेच स्तर असायचे. पुढे १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत गेले. १९५४ मध्ये आलेलं त्यांचं नमुना सर्वेक्षणावरचं पुस्तक अनेक देशांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरलं गेलं. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९९७ मध्ये पुण्यात निधन झालं.

फरकाचा अंदाज आणायचा कुठून?

चार मार्ग आहेत.

१. जुना सर्व्हे. दोन-चार वर्षांपूर्वी कुणी असाच सर्व्हे केला असेल तर त्यातला फरक घ्या.

२. छोटी चाचणी. प्रत्येक गटातून दहा-पंधरा कुटुंबं घ्या.

३. जवळची दुसरी गोष्ट. उत्पन्नाचा फरक माहीत नसेल, पण जमिनीचा माहीत असेल तर त्याचा आधार घ्या. दोन्ही साधारण सोबत हलतात.

४. जाणकाराला विचारा. "या गटात नेहमीचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती?" या दोन आकड्यांतलं अंतर भागिले चार, हा एक कामचलाऊ अंदाज.

कुटुंबांची किंवा शेतांची संख्या मात्र अंदाजाने घेऊ नका. त्यासाठी कृषी गणना, पशुगणना, ग्रामपंचायतीची यादी असे स्रोत आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे कुठल्या गटात कुठलं पीक आहे याची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून करतात. पिकाचा सर्व्हे आखताना अशी यादी हाताशी असणं मोठी गोष्ट आहे.

अंतर आणि खर्चही मोजा

माणमधल्या वाड्या-वस्त्या लांब लांब विखुरलेल्या. दहिवडी किंवा म्हसवडच्या रस्त्यालगतची मुलाखत आणि डोंगरापलीकडच्या वस्तीवरची मुलाखत यांचा खर्च सारखा नसतो. समजा पहिल्या दोन गटांत एक मुलाखत १०० रुपयांना पडते आणि कोरडवाहू गटात ४०० रुपयांना.

८०, ७२, ४८ या वाटपाचा खर्च होतो ३४,४०० रुपये. आता सूत्रात एक छोटी भर घाला: गुणाकाराला खर्चाच्या वर्गमुळाने भागा. १०० चं वर्गमूळ १०, ४०० चं २०. जवळपास तेवढ्याच पैशात, म्हणजे ३४,३०० रुपयांत, आता १११, १०० आणि ३३ मुलाखती होतात. एकूण २४४. चूकमर्यादा ६.९ वरून ६.६ हजारांवर येते.

लक्षात घ्या, खर्च चौपट झाला तरी वाटा चौपट नाही, दुपटीनेच घटतो. वर्गमूळ आहे ते त्यासाठीच. "लांब आहे, जाऊ दे" असं सूत्र कधीच म्हणत नाही. तसं म्हणतो तो आळस.

मग सॉफ्टवेअर कशाला? सूत्र कुठे अडतं ते बघा

इथपर्यंतचं सगळं स्प्रेडशीटमध्ये होतं. पाच कॉलम करा: गट, संख्या, फरक, दोघांचा गुणाकार, आणि शेवटी गुणाकार भागिले एकूण गुणाकार गुणिले २००. पण खऱ्या सर्व्हेत चार अडचणी हटकून येतात.

पहिली: वाटा गटापेक्षा मोठा येतो. समजा तालुक्यात मोठे पोल्ट्रीवाले फक्त १२ आहेत, पण त्यांच्यात फरक प्रचंड आहे. सूत्र सांगतं, ३० घ्या. १२ मधून ३० कसे घेणार? अशा वेळी त्या गटातले सगळे घ्यायचे आणि उरलेलं सॅम्पल बाकीच्या गटांत पुन्हा वाटायचं. तसं केल्यावर दुसऱ्या गटातही तोच प्रकार होऊ शकतो, मग पुन्हा वाटायचं.

दुसरी: वाटा फारच कमी येतो. एखाद्या गटाला एक किंवा शून्य. प्रत्येक गटात किमान दोन नोंदी असल्याशिवाय त्या गटातला फरक मोजताच येत नाही.

तिसरी: अपूर्णांक. ३३.२९ मुलाखती घेता येत नाहीत. गोळाबेरीज करताना एकूण संख्या २०१ किंवा १९९ होते.

चौथी आणि सगळ्यात अवघड: प्रश्न एक नसतो. उत्पन्नासोबत पाणी आणायला रोज किती मिनिटं लागतात हेही विचारायचंय. बागायतीत नळ दारात, फरक १० मिनिटं. विहीर-ठिबक गटात २०. कोरडवाहू वस्त्यांत कुठे टँकर, कुठे लांबची विहीर, फरक ४० मिनिटं. पाण्यासाठी नेमन वाटप काढलं तर येतं ६, ३९ आणि १५५. उत्पन्नासाठी होतं ८०, ७२ आणि ४८. अगदी उलटं!

यातलं कुठलंही एक निवडलं तर दुसरा प्रश्न बोंबलतो. उत्पन्नाचं वाटप घेतलं तर पाण्याच्या वेळेत चूकमर्यादा ६.९ मिनिटं. पाण्याचं वाटप घेतलं तर ती ४.३ मिनिटांवर येते, पण उत्पन्नाची थेट १७.१ हजारांवर जाते. दोन्हींची सरासरी काढून ४३, ५६ आणि १०१ केलं तर उत्पन्न ८ हजार आणि पाणी ४.९ मिनिटं. वाईट नाही. पण प्रश्न वीस आणि गट चाळीस असले की असली तडजोड हाताने जमत नाही. तिथे सॉफ्टवेअर लागतं. तुम्ही फक्त सांगायचं: अमुक प्रश्नात एवढीच चूक चालेल, तमुक प्रश्नात एवढी. या सगळ्या अटी पाळून कमीत कमी मुलाखती किती आणि कुठे, हे ते शोधतं. जेम्स बेथेल यांनी १९८९ मध्ये यासाठी दिलेली पद्धत आजही अनेक सॉफ्टवेअरच्या पोटात चालते.

कोणतं सॉफ्टवेअर कशासाठी?

स्प्रेडशीट: एकच प्रश्न, पाच-सात गट, एवढ्यासाठी पुरेशी. मोबाईलवर चालते. विषय समजून घ्यायला हीच उत्तम.

आर: मोफत, मुक्तस्रोत. लॅपटॉप नसेल तर गुगल कोलॅब किंवा पॉझिट क्लाउडवर ब्राउझरमध्येही चालते. छोट्या स्क्रीनवर त्रास होतो, पण होतं. यातली वाटपासाठीची काही पॅकेजेस:

- प्रॅकटूल्स: शिकायला सर्वांत सोपं. प्रमाणशीर, नेमन, ठरलेल्या खर्चात आणि ठरलेल्या अचूकतेत, असं चारही प्रकारचं वाटप देतं.
- स्ट्रॅटालो: गटाच्या कमाल आणि किमान मर्यादा पाळून नेमन वाटप. वरच्या पोल्ट्रीच्या अडचणीवर नेमका उपाय.
- सॅम्पलिंगस्ट्राटा: इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेत तयार झालेलं. अनेक प्रश्नांचं वाटप तर करतंच, पण गटच कसे पाडावेत हेही सुचवतं.
- आर-टू-बीट: तेही इटलीचंच. आधी गाव, मग गावातली कुटुंबं, अशा टप्प्याटप्प्याच्या सर्व्हेसाठी.

सॅस: पैसे मोजून घ्यायचं सॉफ्टवेअर, विद्यार्थ्यांसाठी मोफत ऑनलाइन सोय आहे. त्यातल्या सर्व्हेसिलेक्ट या भागात वाटप आणि चिठ्ठी काढणं दोन्ही एकत्र होतं.

वाटप झालं की प्रत्यक्ष मुलाखती अँड्रॉइड फोनवर घ्यायला ओडीके कलेक्ट किंवा कोबोटूलबॉक्स आहेत. नेट नसलेल्या वस्तीवरही फॉर्म भरता येतो, रेंजमध्ये आल्यावर माहिती जाते.

सगळ्यात महाग पडणारी गोष्ट: वजन

नेमन वाटपाने मुलाखती घेतल्या आणि नंतर सरळ २०० उत्तरांची सरासरी काढली, तर काय येईल? आपल्या उदाहरणात २ लाख २८ हजार. खरी सरासरी आहे १ लाख २१ हजार.

जवळपास दुप्पट! कारण उघड आहे. बागायतदार तालुक्यात दहा टक्के, पण आपल्या सॅम्पलमध्ये चाळीस टक्के. आपणच त्यांना जास्त विचारलं होतं. म्हणून हिशेब करताना प्रत्येक उत्तराला त्याचं वजन परत द्यावं लागतं. बागायतीतली एक मुलाखत १,००० भागिले ८०, म्हणजे साडेबारा कुटुंबांच्या वतीने बोलते. विहीर-ठिबकमधली साधारण ४२ कुटुंबांच्या वतीने. कोरडवाहूमधली १२५ कुटुंबांच्या वतीने. ही वजनं लावून सरासरी काढली की आकडा जागेवर येतो. आरमधलं सर्व्हे नावाचं पॅकेज हे काम करतं आणि चूकमर्यादाही बरोबर काढतं.

विचार करा, वजन न लावलेला तो २ लाख २८ हजारांचा आकडा एखाद्या अहवालात छापला गेला तर? "माणमध्ये आता काही दुष्काळ राहिला नाही" असं म्हणायला कुणालाही मोकळीक. सर्व्हेच्या बातम्या वाचताना हा प्रश्न जरूर विचारा: सॅम्पल कुठून किती घेतलं आणि वजन लावलं का?

सॉफ्टवेअर काय ठरवू शकत नाही

तुम्हाला नेमकं काय हवंय, हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. नेमन वाटप संपूर्ण तालुक्याच्या एका आकड्यासाठी उत्तम. पण "माझ्या गावाचं काय?" असं कुणी विचारलं तर? कोरडवाहू गटातल्या ४८ मुलाखती तीसेक गावांत विखुरल्या, तर एका गावाच्या वाट्याला एक किंवा दोन. त्यावरून त्या गावाबद्दल काहीच बोलता येत नाही.

पीकविम्यात नेमका हाच मुद्दा आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाई मुख्यतः एकेका शेतावर नाही, तर विमा क्षेत्राच्या सरासरी उत्पादनावर ठरते. आपल्याकडे ते क्षेत्र सहसा महसूल मंडळ असतं. म्हणजे इथे जिल्ह्याचा एक आकडा अचूक असून भागत नाही, प्रत्येक मंडळाचा आकडा स्वतंत्रपणे भरवशाचा लागतो. मग मंडळ छोटं असो की मोठं, प्रत्येकाला किमान ठरावीक कापणी प्रयोग द्यावेच लागतात. इथे नेमनचं गणित लावून एखाद्या छोट्या मंडळाचे प्रयोग कमी केले, तर जिल्ह्याचा आकडा सुधारेल आणि त्या मंडळातल्या शेतकऱ्याची भरपाई मात्र एक-दोन शेतांच्या नशिबावर जाईल.

दुसरं, वाटप कितीही चांगलं असलं तरी निवड चिठ्ठीनेच झाली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक फिरवून पाच हजार उत्तरं आली, तरी ती ज्यांनी लिंक उघडली त्यांचीच. त्याला कुठलंही वाटप सूत्र वाचवू शकत नाही.

तिसरं, मोजणीच चुकीची असेल तर सॉफ्टवेअर गप्प बसतं. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की पीक कापणीसाठी फार छोटा तुकडा घेतला तर उत्पादन फुगून येतं, कारण कडेची रोपं आत धरली जातात. म्हणून त्यांनी मोठ्या आयताकृती तुकड्याचा आग्रह धरला: ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग. आज आपल्याकडे बाजरी-ज्वारीच्या कापणी प्रयोगात १० मीटर बाय ५ मीटरचा प्लॉट आखतात, तो जवळपास तेवढाच भरतो. तुमच्या गावात तलाठी किंवा कृषी सहायक दोरी लावून प्लॉट आखताना दिसले, तर जरूर जाऊन बघा. तेवढ्या ५० चौरस मीटरवर पूर्ण मंडळाचा हिशेब उभा असतो.

सर्व्हे आखण्याआधी ही यादी बघा

१. आकडा कुणाचा हवाय? तालुक्याचा एक, की प्रत्येक गावाचा वेगळा? हे आधी कागदावर लिहा.

२. गट असे पाडा की एका गटातले लोक शक्यतो सारखे असतील.

३. प्रत्येक गटाची संख्या खात्रीच्या यादीतून घ्या, फरकाचा अंदाज घ्या. अंदाज थोडा चुकला तरी घाबरू नका.

४. प्रश्न एकच असेल आणि तालुक्याचाच आकडा हवा असेल तर नेमन. प्रश्न अनेक असतील तर अनेक प्रश्नांचं वाटप करणारं सॉफ्टवेअर. काहीच माहिती नसेल तर प्रमाणशीर, कारण त्यात वजनाची भानगड सर्वांत कमी.

५. प्रत्येक गटात किमान दोन मुलाखती, आणि छोट्या पण फार फरकाच्या गटात सगळेच घ्या.

६. गटाच्या आत निवड चिठ्ठीनेच.

७. वजनाचा कॉलम पहिल्याच दिवशी शीटमध्ये घाला. नंतर घालू म्हटलं की तो राहतो.

२०० ही संख्या लहान नाही. ती नीट वाटली तर ४२६ चं काम करते. तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, ग्रामपंचायतीसाठी किंवा एखाद्या संस्थेसाठी सर्व्हे करायची वेळ आली, तर फॉर्म बनवण्याआधी अर्धा तास या वाटपाला द्या. लांबच्या वस्तीवर एक मुलाखत घ्यायला गेलेला माणूस १२५ घरांचं म्हणणं घेऊन परत येणार असतो. त्याला किती घरांत पाठवायचं, हे अंदाजपंचे ठरवू नका.